बंगला दिसतो, तबेला दिसत नाही : चिंचपोकळीच्या आसपासचा घोड्यांचा वारसा कसा वाचायचा

"मला वारसा वास्तूंवर काम करायचंय," असं म्हटलं की समोरून हमखास विचारलं जातं, "छान. पण त्यात तुमचा प्रश्न काय?" पीएच.डी.च्या मुलाखतीत बरेच जण इथेच अडखळतात. कारण 'जुना वाडा' किंवा 'जुना बंगला' हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नाही झाला. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण मुद्दाम लहान घेतलंय : जुन्या घराच्या मागे असलेला घोड्यांचा तबेला. आणि जागा घेतलीय चिंचपोकळी.

तुम्ही म्हणाल, चिंचपोकळीत कुठले घोडे? तिथे गिरण्या, चाळी आणि गणपती. हे खरंच आहे, पण ते गेल्या दीडशे वर्षांपुरतं. त्याच्या आधी काय होतं, हे एकदा पाहिलं की तबेल्याचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

गिरणीच्या आधीचं गाव

चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावर उभे राहा. पूर्वेला लालबाग, पश्चिमेला आर्थर रोड आणि सातरस्ता. दक्षिणेला पुढचं स्टेशन भायखळा, उत्तरेला करी रोड आणि मग परळ. या पट्ट्यातली नावंच बघा : चिंच, लालबाग, राणीबाग. झाडं आणि बागा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, समुद्राचं पाणी आत शिरणं थांबलं आणि भायखळा-महालक्ष्मीच्या बाजूची खोलगट जमीन हळूहळू वापरात आली. कोटातल्या गर्दीला कंटाळलेल्या श्रीमंतांनी इथे बागबंगले बांधले. तेव्हा हे शहर नव्हतंच. शहराबाहेरचं, मोकळ्या हवेचं गाव होतं.

यातल्या काही घरांची पुढची गोष्ट ठाऊक आहे. परळचं गव्हर्नमेंट हाऊस मुळात जेझुइट पाद्र्यांची वास्तू. ती इंग्रजांच्या हातात गेली, गव्हर्नरांचं गावाकडचं निवासस्थान झाली आणि १८९९ मध्ये तिथे प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. भायखळ्याला डेव्हिड ससून यांचा 'सॉं सूसी' हा बंगला होता; तिथे आज मसीना रुग्णालय आहे.

आता विचार करा. गव्हर्नर किंवा व्यापारी परळ-भायखळ्याला राहणार आणि कामाला कोटात जाणार. रेल्वे आली १८५३ मध्ये. घोड्यांच्या ट्राम आल्या १८७४ मध्ये. त्याआधी रोजची ये-जा मुख्यतः घोड्याच्या आणि बग्गीच्या जोरावर. म्हणजे घोड्यांशिवाय बागबंगला चालूच शकत नव्हता. तबेला ही चैन नव्हती. आज इमारतीला लिफ्ट लागते, तशी ती घराची गरज होती.

शिवाय याच पट्ट्यात घोड्यांचा मोठा व्यवहार होता. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला आणि शर्यती होत भायखळ्याच्या मैदानावर. १८३३ मध्ये भायखळा क्लब निघाला. इराणी आखातातून जहाजांनी अरबी घोडे मुंबईला येत आणि भेंडीबाजार-भायखळा भागातल्या व्यापाऱ्यांच्या तबेल्यांत विकले जात. पुढे ऑस्ट्रेलियातूनही घोडे येऊ लागले. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना 'वेलर' म्हणत. तिकडच्या एखाद्या शेतघराच्या कुंपणात वाढलेला घोडा इकडे लष्कराच्या किंवा शर्यतीच्या कामाला लागायचा. १८८३ मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स उभं राहिलं आणि भायखळ्याच्या शर्यती इतिहासजमा झाल्या.

म्हणजे पुरावा भरपूर आहे. तरीही या भागाचा वारसा म्हटलं की बंगला, चर्च, गिरणीची चिमणी हेच डोळ्यांपुढे येतं. तबेला येत नाही. हे असं का, हा आपला सुरुवातीचा, अजून कच्चा प्रश्न.

आधी शब्द तपासा

नवीन विषयात शिरताना मी आधी शब्दकोश उघडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश हे दोन्ही हाताशी ठेवा.

'तबेला' हा शब्द अरबी-फारसीतून आला. मुळात घोडे ओळीने बांधायची लांब दोरी, मग जिथे घोडे बांधतात ती जागा. आज मुंबईत कुणाला तबेला विचारलात तर तो म्हशींचा दाखवेल. घोडे गेले, म्हशी आल्या, शब्द तोच राहिला. मराठ्यांच्या काळचा शब्द आहे 'पागा'. त्याचे दोन अर्थ : घोडे बांधायची जागा आणि एका सरदाराच्या हाताखालची घोडदळाची तुकडी. जागा आणि फौज यांना एकच शब्द आहे, यावरून वाड्यात पागेचं वजन किती होतं ते कळतं. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. जुन्या मराठीत 'खासदार' याचाही अर्थ धन्याच्या घोड्याची निगा राखणारा असा होता. पागे, शिलेदार, चाबुकस्वार, नालबंद ही आडनावं तर अजून आपल्या वर्गात असतात.

एक सावधगिरी. शब्दाच्या आवाजावरून उडी मारू नका. चिंचपोकळीच्या पूर्वेला घोडपदेव आहे. नाव ऐकून 'इथे घोडे असणार' असं लिहायचा मोह होतो. पण ते नाव तिथल्या देवाच्या स्थानावरून आलं आहे, तबेल्यावरून नाही. स्थळनाम हा धागा असतो. तो दुसऱ्या पुराव्याला बांधला गेला, तरच त्याचा उपयोग.

पागा आणि तबेला : दोन नकाशे

आता वास्तूकडे या. गावाकडचा वाडा आणि मुंबईचा बागबंगला, दोन्हीकडे घोडे असत. पण त्यांची जागा वेगळी.

देशावरच्या सरदारी वाड्यात घोडा सर्वसाधारणपणे पुढच्या अंगाला. दिंडीदरवाजा, देवडी, मग पहिला चौक. पागा या भागात किंवा वाड्याला लागून असलेल्या आवारात. घोडा ही सत्तेची आणि लढाईची गोष्ट, ती येणाऱ्याला दिसलीच पाहिजे. घोडे बांधायची पद्धतही मोकळी : पुढच्या बाजूने अगाडी, मागच्या पायांना पिछाडी, दोन्ही दोऱ्या जमिनीतल्या मेखांना. मध्ये भिंती नाहीत. त्यामुळे आज अशा जागी गेलात तर खोल्या शोधू नका. दगडी कडी, मेखेचं भोक, टापांनी झिजलेली फरशी, पाण्याचं दगडी पात्र हे शोधा.

बागबंगल्यात उलट. घोडा मागे. पुढे व्हरांडा आणि हिरवळ, मागे बग्गीखाना, तबेला आणि नोकरांच्या खोल्या. घोड्यांना वेगवेगळे कप्पे. बांधून ठेवायच्या कप्प्याची रुंदी साधारण ५ ते ६ फूट. घोड्याला मोकळं फिरता येईल असा कप्पा असेल तर १२ फूट बाय १२ फुटांच्या आसपास. जमिनीला मागच्या बाजूला उतार आणि एक उघडी नाली. बग्गीखान्याचा दरवाजा रुंद, उंबऱ्याशिवाय. अशी एखादी बैठी इमारत आज गोदाम, गॅरेज किंवा बिऱ्हाड म्हणून वापरात असेल, तरी ही माप, उतार आणि दरवाजे चुगली करतात.

एकच प्राणी, पण एका घरात तो दर्शनी आणि दुसऱ्यात परसदारी. इथे तुमचा प्रश्न थोडा टोकदार होतो : घराच्या नकाशात घोड्याची जागा पुढून मागे का गेली, आणि त्याच्याबरोबर कोणकोणती माणसं मागे गेली?

हिशेब करून बघा

मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना आकडेमोड नकोशी वाटते. पण साधा गुणाकार कधीकधी दहा पुस्तकांपेक्षा जास्त सांगतो.

मध्यम आकाराचा घोडा धरा. उष्ण हवेत त्याला रोज अंदाजे ३० लिटर पाणी लागतं. गवत-दाणा मिळून ८ किलो. शेण सुमारे १५ किलो. हे ढोबळ आकडे आहेत, जनावराच्या वजनाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतात, पण अंदाजाला पुरेसे आहेत.

बंगल्यात चार घोडे असतील तर रोज १२० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या. वैरण ३२ किलो, वर्षाला साडेअकरा टनांहून जास्त. शेण रोज ६० किलो, वर्षाला जवळजवळ २२ टन. म्हणजे तबेल्याजवळ विहीर किंवा हौद हवाच. पावसाळाभर पुरेल इतकं गवत ठेवायला कोरडी जागा हवी. हे गवत येणार कुठून? त्या काळी मुंबईला गवत पुरवण्यात ठाणे जिल्ह्याचा मोठा वाटा होता. म्हणजे बंगल्यातल्या घोड्याचा धागा थेट ठाण्याच्या गवत कापणाऱ्यापर्यंत जातो.

आणि ते २२ टन शेण? बंगल्याच्या नावात 'बाग' असते ती काय नुसत्या पाण्यावर वाढते? इथे एक गृहीतक मांडता येतं : तबेला आणि बाग या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकच व्यवस्था होती, घोड्यांचं खत बागेला आणि बागेची सावली-विहीर घोड्यांना. गृहीतक सुंदर असणं पुरत नाही, ते खोटं ठरू शकेल असं हवं. घराच्या हिशेबात शेण बाहेर विकल्याच्या किंवा गाडीने उचलून नेल्याच्या नोंदी सापडल्या, तर आपलं गृहीतक पडलं. खताच्या खरेदीची नोंद कुठेच नसेल आणि तबेल्यातून बागेकडे जाणारी वाट नकाशात दिसत असेल, तर ते टिकलं. मुलाखतीत 'तुमचं गृहीतक कशाने चुकीचं ठरेल?' असं विचारलं, तर त्याचं उत्तर असं तयार हवं.

हाच गुणाकार शहराला लावा. स्टर्न्स आणि किटरेज या कंपनीने ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू केल्या. कंपनीकडे ९०० घोडे होते असं नोंदलं गेलं आहे. आपल्या ढोबळ आकड्यांनी रोजचं पाणी २७,००० लिटर, वैरण ७ टनांवर, शेण साडेतेरा टन. एका कंपनीचं! आता घोड्यांच्या तबेल्यांचा प्रश्न आरोग्याचा का झाला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १८८६ मध्ये परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तिथल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात. १८९९ मध्ये ग्लँडर्स या घोड्यांच्या आणि माणसांनाही होऊ शकणाऱ्या रोगाविरुद्ध कायदा झाला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद होऊ लागले. १९०५ मध्ये घोड्यांच्या ट्राम बंद, १९०७ मध्ये विजेच्या ट्राम सुरू, १९२६ मध्ये बस. पन्नास वर्षांत घोडा शहराच्या मध्यावरून कडेला गेला.

कागद कुठे शोधायचे

घोडा नाहीसा झाला, पण कागदावर त्याची खूण राहते. फक्त ती 'घोडा' या शीर्षकाखाली क्वचित मिळते.

पहिली जागा नकाशे. कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची मोजणी केली. प्रमाण एक इंचाला ४० फूट. इतकं मोठं की एकेक इमारत, विहीर, कुंपण वेगळं दिसतं. तुमच्या प्लॉटवर मुख्य घराच्या मागे लांबट बैठी इमारत आणि शेजारी विहीर दिसली, तर वहीत टिपून ठेवा. तो अजून पुरावा नाही, संशय आहे.

दुसरी जागा जमिनीचे कागद. मुंबई बेटावर प्रत्येक प्लॉटला सी.एस. क्रमांक असतो, त्यावरून मालमत्ता पत्रक काढता येतं. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी तिथून सुरू होते. ट्रस्टने जमीन संपादित केली असेल तर भरपाई ठरवण्यासाठी आवारातल्या बांधकामांचा हिशेब झालेला असतो, आणि तबेला पैशाचा प्रश्न झाला की तो कागदावर येतो.

तिसरी जागा पुराभिलेखागार. मुंबईचं कार्यालय काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात पागेचे मोडी हिशेब आहेत : दाणावैरण, नालबंदी, मोतद्दारांचे पगार. गावाकडच्या वाड्यावर काम करायचं असेल तर मोडी शिकण्याला पर्याय नाही. तीन महिन्यांचा नेटाने केलेला सराव पुढची तीन वर्षं उपयोगी पडतो.

चौथी जागा वर्तमानपत्रं. बंगला भाड्याने देण्याच्या किंवा लिलावाच्या जुन्या जाहिराती वाचा. घरमालक व्हरांड्याइतक्याच अभिमानाने किती घोड्यांची सोय आहे ते सांगतो.

नियम एवढाच : कुठलंही विधान एका साधनावर उभं करू नका. नकाशा, कागद आणि जागेवरची खूण, यातल्या किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

मागच्या दाराने गेलेली माणसं

आता मुद्दा. हे सगळं कशासाठी?

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. वास्तूंना पहिली, दुसरी (अ आणि ब) आणि तिसरी अशी श्रेणी मिळते. यादीतली नोंद बहुतेक वेळा मुख्य इमारतीच्या नावाने असते. मागची बैठी इमारत 'नंतरचं किरकोळ बांधकाम' ठरायला वेळ लागत नाही, आणि पुनर्विकासात तीच आधी जाते. बंगल्याचं नाव, मालकाचं नाव, वास्तुविशारदाचं नाव राहतं. घोडेवाला, गवतवाला, नालबंद यांची राहायची आणि काम करायची एकमेव जागा नकाशावरून पुसली जाते. इंग्रजी अमदानीत एकेका घोड्यामागे एक घोडेवाला ठेवायची रीत होती. चार घोड्यांचा तबेला म्हणजे चार कुटुंबं. त्यांनी दस्तऐवज मागे ठेवले नाहीत. त्यांचा दस्तऐवज ती इमारतच.

हे फक्त जुन्या काळाचं दुखणं नाही. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोड्यांचे हाल, रस्त्यावरची वाहतूक, तबेल्यांची अवस्था, सगळं त्या वादात होतं. प्राण्यांच्या बाजूने हा निर्णय महत्त्वाचा होता, यात शंका नको. त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांचं ज्ञानही संपलं : नाल कशी ठोकायची, खुराला काय झालंय ते चालीवरून कसं ओळखायचं, पावसाळ्यात गवत कसं राखायचं. मार्च २०२१ मध्ये दक्षिण मुंबईत व्हिक्टोरियाच्या धर्तीवर विजेच्या बग्ग्या आल्या. गाडीचं रूप वारसा म्हणून परत आलं. ती हाकणाऱ्याचं कसब आलं नाही.

महालक्ष्मीचंही तसंच. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे जाण्याचा आणि ९१ एकर क्लबकडे राहण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. चर्चा झाली ती मोकळ्या जागेची, आणि ती व्हायलाच हवी. पण तिथल्या तबेल्यांत आज काम करणाऱ्यांच्या आठवणी कुणी नोंदवल्या, हा तुमच्या पिढीच्या संशोधकांनी विचारायचा प्रश्न आहे.

याउलट एक उदाहरण ग्रामीण भागाचं. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा. आपल्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे, पण कागदोपत्री तो कित्येक वर्षं 'जात' नव्हताच; नुसतं देशी तट्टू. मेंढपाळ धनगरांनी वाटचालीत सामान वाहायला तो सांभाळला, म्हणून टिकला. देशी जातींच्या अधिकृत यादीत त्याची नोंद झाल्यावर लोक आता त्याच्याकडे वारसा म्हणून पाहू लागलेत. वाड्यांच्या पागा ओस पडल्या आणि घोडा जगला तो पालावर. वारसा कुठे शोधायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

प्रश्न कसा मांडाल

आता सुरुवातीच्या विषयाकडे या आणि पायऱ्या बघा.

विषय : जुन्या बंगल्यांचे तबेले.
कच्चा प्रश्न : तबेले वारशाच्या यादीत का दिसत नाहीत?
पक्का प्रश्न : १८६५ ते १९२० या काळात भायखळा-परळ पट्ट्यातल्या निवडक आवारांत तबेला आणि नोकरांच्या खोल्या यांची जागा कशी बदलली, आणि आजच्या वारसा नोंदींत त्यातलं काय उतरलं?

पक्क्या प्रश्नाला काळ आहे, जागा आहे, साधनं आहेत आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' किंवा 'काही अंशी' असं येऊ शकतं. हे चार नसतील तर प्रस्ताव लिहायला घेऊ नका.

मुलाखती घ्यायच्या असतील तर आणखी दोन गोष्टी. ज्यांचं काम बंद पडलंय त्यांच्याकडे 'आठवणी सांगा' म्हणून जाताना, त्यातून त्यांना काय मिळणार, हे आधी स्पष्ट बोला. आणि घोड्यांच्या हालांचा विषय टाळू नका. कौतुकाने भारलेला संशोधक अर्धंच ऐकतो.

सरावासाठी एक काम. एखादा रविवार काढा. राणीबागेत जा. तिथे तुम्हाला मूळचा काळा घोडा भेटेल : अल्बर्ट ससून यांनी दिलेला, राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवून इथे आणला. राजा कुठला, हे आता फार कुणाला सांगता येत नाही; चौकाला नाव मात्र घोड्याचं राहिलं. मग तिथून चिंचपोकळीपर्यंत चालत या. वाटेत जुन्या आवारांच्या फक्त मागच्या बाजू बघा. रुंद दरवाजा, उतरती फरशी, बुजवलेली विहीर, भिंतीतली लोखंडी कडी. जे दिसेल ते माप आणि दिशा लिहून टिपा, अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यातला एकच प्लॉट निवडा आणि त्याचा सी.एस. क्रमांक शोधायला लागा.